वेताळाचं तोंड

फुगेमामा गेल्याचं मला सकाळी चहा उकळत असताना कळलं, आणि मी आल्याचा आणखी एक तुकडा ठेचून पातेल्यात टाकला. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. आमच्या जव्हारच्या शाळेतल्या जुन्या पोरापोरींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर दिवसभर रडारड चालली होती. ‘आमचा रविवार पोरका झाला’, ‘असे मामा पुन्हा होणे नाही’, ‘शनिवारचे काळेबुवाही तेच निघाले तेव्हा केवढी रडले होते मी!’ मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे असं. मग कुणीतरी मलाच विचारलं, ‘मंगल, तू पण गेली होतीस ना एकदा मामांच्या कार्यक्रमात? लिही की काहीतरी.’ मी ग्रुपवर नुसते जोडलेले हातसुद्धा टाकले नाहीत. पण लिहायचंच म्हणता, तर इथं लिहिते. त्यांना हवी आहे ती आठवण माझ्याकडे नाही. माझ्याकडे दुसरी आहे, आणि ती मी आजवर कुणाला उधारीवरसुद्धा दिलेली नाही.

माझा बा, धवळू, जव्हारला एका कचेरीत शिपाई होता. आमचं घर, म्हणजे खरं घर, मोखाड्याच्या पुढं सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर. जव्हारात आम्ही एका वाण्याच्या गोदामामागं भाड्याच्या खोलीत राहायचो. त्या खोलीला वास असायचा तो मिरचीच्या पोत्यांचा. पावसाळ्यात धुकं दारातून आत यायचं आणि त्या मिरचीत मिसळून सगळ्यांना शिंकायला लावायचं. आई नागलीची भाकर थापायची, तिचा थपथप आवाज भिंतीपलीकडच्या पाटकरकाकूंना ऐकू जायचा, आणि काकूंच्या टीव्हीचा आवाज आम्हाला. उडदाचं काळं वरण, त्यात ठेचलेला लसूण, बाजूला भाजलेलं सुकं बोंबील. बा जेवताना बोलायचा नाही. कचेरीत तो दिवसभर ‘जी साहेब’ म्हणायचा, एवढे त्याचे शब्द तिथंच संपून यायचे. घरी आला की टोपी खुंटीला लावायचा आणि पाय धुऊन उंबऱ्यावर बसायचा. माणूस अंगानं पाप्याचं पितर, पण बोहाड्याच्या, आमच्या देवांच्या नाचाच्या, दिवसांत हाच माणूस तासभर नाचताना कुणी पाहिला असता तर कचेरीतल्या साहेबांनी उठून खुर्ची दिली असती.

टीव्ही पाटकरकाकूंकडे. आम्ही गोदामामागची पोरं त्यांच्या दारात, आत नाही, उंबऱ्याच्या अलीकडे. काकू वाईट नव्हत्या. ‘पाय पुसून बसा गं’ म्हणायच्या आणि कधी खिचडीचा तळाचा खरपुडा वाटून द्यायच्या. जव्हारात तेव्हा केबल नवी होती. फणसाच्या झाडांवरून, शाळेच्या कौलांवरून काळी वायर फिरवलेली, जरा वारा सुटला की चित्राला मुंग्या यायच्या. ही केबल दिनूभाऊची. बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माडीवर एका खोलीत कॅमेरा लावून तो स्वतःचे दोन कार्यक्रम करायचा. रविवारी सकाळी फुगेमामा: लाल टोपी, गालाला कुंकवाचे गोळे, हातात फुग्यांचा घोस, कुणाचा वाढदिवस, कुणाचं गाणं, कुणाचं कोडं. आणि शनिवारी दिवेलागणीला ‘शनिवारची अमावास्या’. त्यात काळेबुवा यायचा. अंगावर घोंगडी, डोळ्यांभोवती काजळ, मागं उदबत्त्यांचा धूर, आणि खर्जातल्या आवाजात घाटातल्या हडळीची नाहीतर तळ्यातल्या मुंजाची गोष्ट. अख्खं जव्हार बघायचं. शनिवारी संध्याकाळी पोरं संडासला जायची नाहीत, आणि रविवारी सकाळी फुगेमामा सांगायचा, ‘घाबरू नका रे बाळांनो, काळेबुवाला मी काठी घेऊन पळवलाय!’ त्यावर सगळी पोरं टाळ्या वाजवायची. मोठ्यांना माहीत होतं की दोघं एकच. आम्हाला नव्हतं. सगळे आजही त्याला अहो-जाहो करतात. मी नाही करणार.

मला ते कसं कळलं ते सांगते. एका दुपारी दिनूभाऊ आमच्या खोलीवर आला. बापेक्षा वयानं लहान, पण ‘काय रे धवळू’ असंच बोलायचा. त्यानं घसा खाकरला मात्र, आणि मी चुलीपाशी गारठले. तो काळेबुवाचा घसा होता. आणि पुढच्याच क्षणी माझ्याकडे बघून ‘काय बाळा!’ म्हणाला तो फुगेमामा होता. आई चहा ठेवायला उठली.

‘अरे धवळू, तुमच्या पाड्यावर बोहाडा होतो ना? तुझ्याकडे म्हणे एक सोंग आहे.’

‘हाय जी,’ बा म्हणाला. ‘येताळाचा हाय. आमचे घराचाच. आजापासून.’

‘बघ, मला ते पाहिजे. टीव्हीवर दाखवायचंय. अख्ख्या जव्हारला दिसेल.’

बा उठून उभा राहिला. ‘देवाला दाखवशाल?’

‘दाखवू की! एकदम जोरात दाखवू.’

आता इथं थांबून एक शब्द सांगावा लागेल, कारण सगळं त्या शब्दानं केलं. पुण्यामुंबईच्या मराठीत सोंग म्हणजे खोटेपणा. झोपेचं सोंग, आजाराचं सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, असं म्हणतात तेसुद्धा त्याच अर्थानं. आमच्याकडे, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, सोंग म्हणजे बोहाड्यात तोंडावर बांधायचा देवाचा मुखवटा. मुखवटा असं आम्ही म्हणतच नाही. सोंग हाच देव. प्रत्येक सोंग एकेका घराकडे असतं, आणि ते नाचवायचा मान त्या घराचा. वेताळ तुम्हाला भुतांचा राजा असेल, आमच्या पाड्याचा तो राखणदार. सावरीच्या लाकडाचं ते सोंग, तांबड्या रंगाचं, दात आवळून तोंड मिटलेलं. ते उतरवायच्या आधी बा पाच दिवस एकवेळ जेवायचा, चामड्याला शिवायचा नाही. सोंग कापडात गुंडाळूनच न्यायचं, संबळ-पिपाणी वाजल्याशिवाय उघडायचं नाही, बाईमाणसानं उचलायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सोंग बोलत नाही. ते बांधलं की माणसाचं तोंड बंद. हसायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. दिनूभाऊनं ‘सोंग’ मागितलं ते त्याच्या अर्थानं, बानं दिलं ते आपल्या. दोघं एकमेकांशी मराठीच बोलत होते.

बानं पाच दिवस एकवेळ केलं. मग गावाकडे जाऊन नारळ फोडून, सोंग नव्या पंच्यात बांधून जीपनं मांडीवर घेऊन आला. शनिवारी त्यानं दुपारीच आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, केसांना तेल लावलं. आईला म्हणाला, ‘तूपण चाल. आपला देव पाह्यला सगळा गाव बसेल आज.’ पाटकरकाकूंच्या दारात आम्ही पोरं खाली बसलो, बा मागं उभा राहिला, चपला लांब काढून, हात जोडून.

धूर आला. मग धुरातून वेताळ आला. अंगावर घोंगडी, खालून बॅटरीचा उजेड. बाचे हात कपाळाला गेले. आणि वेताळ हसला. ‘हाहाहाहा! मी आलोऽऽय जव्हारकरांनो! कोणाचं पोर आज जेवलं नाही?’ पोरं किंचाळून एकमेकांच्या अंगावर पडली, काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी हसले नाही, कारण मला ते दिसलं होतं. आवळलेले दात नव्हते. तिथं भोक होतं. आवाज नीट बाहेर यावा म्हणून त्यानं वेताळाचं तोंड करवतीच्या पात्यानं कापलं होतं.

मी मागं वळून पाहिलं. बाचे हात तसेच जोडलेले. ते खाली कसे आणायचे हे जणू त्याला आठवत नव्हतं. त्या रात्री आमच्या घरी वरण तसंच राहिलं. मी आठवीत होते, पण मनात एकच गोष्ट घट्ट बसली: याला मी सोडणार नाही.

बा दुसऱ्या दिवशी सोंग आणायला गेला आणि रिकाम्या हातानं आला. ‘अजून काही शनिवार राहू दे रे, लोकांना आवडलंय. सोंगच तर आहे!’ असं दिनूभाऊ म्हणाला, एवढं त्यानं आईला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. मला कोणी कधी काही सांगायचं नाही, ते सगळं मी भिंतीला कान लावून गोळा करायची. पुढच्या आठवड्यात बाचा चुलतभाऊ लहानू बाजाराला आला, चहाच्या टपरीवर बसला, आणि तिथल्या टीव्हीवर त्यानं आमचा वेताळ हसताना ऐकला. टपरीचा टीव्ही कृष्णधवल, त्यात धूर. कापलेलं तोंड काही त्याला दिसलं नाही. पण आवाज पुरेसा होता. त्यानं तिथूनच पाड्याकडची जीप पकडली. त्या वर्षी बोहाड्याला वेताळ नाचला नाही. गणपती आला, सरस्वती आली, भीम, रावण, सगळी सोंगं आली, आणि वेताळाच्या वेळेला संबळ तसाच वाजत राहिला, समोर कोणी नाही. बा माणसांत बसला होता. त्याच्या पायाचा अंगठा तालावर हलत होता, बस्स तेवढाच. ‘धवळूनं देव टीव्हीत घातला,’ असं एक म्हातारी माझ्या पाठीमागं म्हणाली. अंगाची लाही लाही झाली माझ्या. पुढं काय ठरलं, मान कायमचा गेला की काय, मी आईला विचारलं. ‘बापयांचं बापये बघतील,’ एवढंच तिचं उत्तर.

बघतील म्हणे! बापये काय बघणार होते ते मला दिसत होतं. बा पुन्हा ‘जी साहेब’ म्हणायला कचेरीत जायला लागला होता. म्हणून मी बघायचं ठरवलं. फुगेमामाच्या दुकानात एक खोकं होतं, पोरांनी त्यात कोडी लिहून टाकायची, ज्याचं कोडं आवडेल त्याला तो रविवारी माडीवर बोलवायचा. मी आठवडाभर कोडी लिहून टाकली. आमच्या पाड्यावरची, आजीच्या तोंडची, एकाहून एक. तिसऱ्या आठवड्यात माझं नाव आलं. तोवर दातओठ खाऊन काढलेले ते दिवस मला अजून आठवतात; इतकं मन लावून मी पुढं परीक्षासुद्धा दिली नाही.

माडीवरची खोली म्हणजे आमच्या खोलीएवढीच. मागं निळा पडदा, त्यावर कागदी बदकं चिकटवलेली. समोर सतरंजीवर पंधरा-वीस पोरं, सगळ्यांत पुढं दिनूभाऊची स्वतःची पोर, पिंकी, पाच-सहा वर्षांची, मांडीत फुगा घेऊन. कार्यक्रम थेट दिसायचा. इथं शिंकलं की त्याच क्षणी पाटकरकाकूंच्या घरी ऐकू यायचं. मी सगळं आधीच हेरून ठेवलं होतं. आदल्या दिवशी कोडं द्यायच्या निमित्तानं आले तेव्हा पडद्याच्या फटीतून घोंगडी दिसली होती.

‘आणि आता आपली हुशार मंगलताई मोखाड्याहून खास कोडं घेऊन आलीय!’ फुगेमामा म्हणाला. ‘मोखाड्याचं कोडं म्हणजे नागलीच्या भाकरीसारखं बरं का, चावून चावून दात पडतील!’ पोरं हसली.

मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, ‘शनवारी काला, रयवारी गोरा, एकच बाप्या, भुलवतो पोरां. सांगा मामा, कोण?’

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे तेवढे बदलले. ‘अवघड आहे हं,’ तो म्हणाला. ‘आपण जाहिरातीनंतर...’

‘उत्तर मागं हाय,’ मी म्हटलं आणि पडदा ओढला. दोरी कच्ची होती, बदकांसकट सगळा खाली आला. मागं खिळ्यांना घोंगडी, काजळाची डबी, बॅटरी, उदबत्त्यांचा पुडा. आणि मधल्या खिळ्याला आमचा वेताळ, तोंडाला भगदाड पडलेला, त्या भगदाडातून खिळ्याचं टोक बाहेर आलेलं.

‘ह्योच काळेबुवा!’ मी ओरडले. ‘ह्यो तुम्हाला शनवारी भिववतो आनी रयवारी फुगा देतो. आनी ह्यो आमचा देव हाय. ह्याचा तोंड ह्या मामानं करवतीनं कापला! बघा! सगळी जना बघा!’

पहिली रडली ती पिंकी. ‘पप्पा, काळेबुवा तुम्ही आहात?’ एवढंच म्हणाली आणि मागं मागं सरकत सतरंजीच्या कडेला गेली. बापानं हात पुढं केला तशी किंचाळली. मग सगळीच पोरं. बाजूच्या खोलीतून कोणीतरी धावत आलं, वायर उपटली, पण तोवर सगळ्या जव्हारनं पाहिलं होतं. त्या पोरीचं वाईट वाटलं, असं लिहायची पद्धत आहे. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. माझ्या बाचे हात जोडलेले राहिले होते, त्याची ही परतफेड, असंच वाटलं. आणि काय गोड लागलं ते! मी वेताळ खिळ्यावरून काढला, डोक्यावर घेतला, जिना उतरले आणि भर बाजारातून अनवाणी चालत निघाले. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. मोखाड्याच्या जीपवाल्यानं हॉर्न थांबवला. मी मान ताठ ठेवली होती. आयुष्यात तेवढी ताठ पुन्हा कधी चालले नाही.

दिनूभाऊचे दोन्ही कार्यक्रम बंद पडले. काही महिने पोरं त्याचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. हे ग्रुपवर कोणाला आठवत नाही, मला आठवतं. पुढं त्यानं केबल विकली म्हणतात. मरेपर्यंत तो जव्हारातच होता. कधी बसस्टँडवर समोर आला तर खाली बघायचा, आणि मी मुद्दाम थांबून त्याला खाली बघू द्यायची. माफी मागायला एकदा घरी आला होता. मी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावलं.

पण त्या रविवारी मी खोलीवर पोचले तेव्हा बा उंबऱ्यावर बसला होता. बातमी माझ्या आधी पोचली होती. मी सोंग त्याच्यापुढं धरलं. वाटलं होतं, तो उठेल, निदान डोक्यावर हात ठेवेल. त्यानं सोंग घेतलं नाही. पंचा आणला, जमिनीवर अंथरला, आणि म्हणाला, ‘ठेव.’

आई आत रडत होती. तिच्याकडून मला तेव्हा सगळं कळलं, जे भिंतीला कान लावून कळलं नव्हतं. पाड्यावरच्या जाणत्यांनी मान काढून घेतलेला नव्हता. देव वाजवल्याशिवाय दाखवला, त्याला दंड एक नारळ, एक कोंबडा आणि एक वर्ष नाचायचं नाही, एवढंच ठरलं होतं. पुढच्या वर्षी वेताळ पुन्हा बाच्याच तोंडावर बांधायचा होता. कापलेलं तोंड मात्र कोणाला माहीत नव्हतं, आणि बानं ते कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण दाखवलेल्या सोंगाला दंड असतो, पण भंगलेलं सोंग नाचत नाही. ते पाण्यात सोडतात, आणि नवं सोंग कोणत्या घराला द्यायचं ते गाव ठरवतो. बानं दिनूभाऊच्या चार वेळा पायऱ्या चढून, हातापाया पडून सोमवारी सोंग परत द्यायचं कबूल करून घेतलं होतं. सोंगं कोरणाऱ्या म्हाताऱ्याला गाठून ठेवलं होतं, सावरीचा तुकडा बसवून, रंग देऊन तो ते गुपचूप बुजवणार होता. सोमवारी. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

आणि मी रविवारी सगळ्या मुलखाला ओरडून सांगितलं होतं, बघा, सगळी जना बघा. बाईमाणसानं, डोक्यावर उघडं, वाजवल्याशिवाय, भर बाजारातून.

आठवडाभरात गावानं सोंग नदीला नेलं. नवं सोंग लहानूच्या घराला गेलं, आज त्याचा नातू नाचवतो. बानं त्यानंतर बोहाडा पाहिला नाही. मला तो कधी रागावला नाही, हात उगारला नाही, शाळा थांबवली नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, ते त्याच्याच जिवावर. पण सोंग पाण्यात सोडून आम्ही नदीवरून वर चढत होतो तेव्हा तो थांबला. मी म्हटलं, ‘बा, मी तुजेसाठी केला.’

‘माहीत हाय,’ तो म्हणाला. ‘पर मला इचारला नाय. त्यानं पन तोंड कापताना नाय इचारला.’

आणि तो पुढं चालायला लागला, आणि मी त्याच्या मागं.